भागत सुटण्याआधी संख्येची ठेवण बघ

४,२९,४९,६७,२९७ मूळ संख्या आहे का हे ठरवायला तू ३, ७, ११ असं भागत सुटला आहेस. जरा थांब. वर्गमूळ ६५,५३६च्या किंचित पुढे. तिथवर ६,५४२ मूळ संख्या आहेत, कधी संपणार? त्यापेक्षा तिची ठेवण बघ: २चा ३२वा घात अधिक १. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४च्या पटीत १ मिळवूनच येतो. म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच बाकी शून्य, भागाकार ६७,००,४१७! फर्मा या गणितज्ञाला ही ४,२९,४९,६७,२९७ मूळ वाटली होती, ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने १७३२ मध्ये ती फोडली. हा भागाकार वहीत हातानेच मांड, कॅल्क्युलेटर नको. शेवटची वजाबाकी जुळते तेव्हा फार आनंद होतो. मग ६७,००,४१७लाही हीच चाळणी लाव. २,५८८पर्यंतच जावं लागेल.