'डिग्निटी'ला प्रतिष्ठा म्हणावे की सन्मान?

प्रश्न एका अनुवादकाचा आहे. जागतिकीकरण आणि युद्धांनी पोळलेल्या जगातली माणसाची 'डिग्निटी' या विषयावरचा लेख त्या मराठीत आणत आहेत. 'मानवी प्रतिष्ठा', 'मानवी सन्मान' की 'मानवी गरिमा', असे त्या विचारतात. 'प्रतिष्ठा' त्यांना खटकते, कारण प्रतिष्ठित म्हटले की पैसेवाले आणि पदावरचे लोकच डोळ्यांपुढे येतात.

खटकणे रास्त आहे, तरी माझे मत 'प्रतिष्ठे'लाच. मूळ लॅटिन 'डिग्निटास'ची गतही अशीच होती. रोममध्ये हा शब्द पद, घराणे, लौकिक यांना लागे. सर्वांपाशी डिग्निटास असते, ही कल्पना तिथे क्वचितच दिसे. मोजक्यांचा तो शब्द पुढे सगळ्यांचा झाला. संयुक्त राष्ट्रांच्या १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे पहिलेच कलम सांगते की सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आहेत आणि प्रतिष्ठा व हक्क यांबाबत समान आहेत. (त्या मसुद्यात आधी 'ऑल मेन' होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झाले. एका शब्दासाठी भांडणे किती मोलाचे असते!) आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतही हिंदीत 'व्यक्ति की गरिमा' आहे, तर मराठीत 'व्यक्तीची प्रतिष्ठा'. 'गरिमा' मराठीत पाहुणीच वाटते.

'सन्मान' मात्र इथे चालणार नाही. सन्मान कुणीतरी करावा लागतो, आणि करणारा आला की न करणाराही आला. 'प्रतिष्ठा' शब्दात 'स्था' धातू आहे, म्हणजे पाय रोवून उभे असणे. कुणी दिले नाही तरी जे असते, ते. युद्धातील वागणुकीचे नियम घालून देणाऱ्या १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत सामाईक असलेले तिसरे कलम बघा. शस्त्र खाली ठेवलेल्या, जखमी किंवा पकडल्या गेलेल्या माणसाच्या प्रतिष्ठेवर आघात करायला, त्याला अपमानास्पद वागणूक द्यायला ते मनाई करते. हरलेल्या कैद्याचा सन्मान कोण करणार? प्रतिष्ठा मात्र त्याचीही शाबूत आहे.

जागतिकीकरणाच्या बाजूने पाहिले तर शब्दाची धार आणखी कळते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्येच फरक केला होता: ज्याच्या जागी तोलामोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, ज्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा. १९४४ च्या फिलाडेल्फिया जाहीरनाम्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 'श्रम ही क्रयवस्तू नव्हे' असे म्हटले ते याच अर्थाने. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर इथली राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे मेली. परदेशी ब्रँडांचे कपडे तिथे शिवले जात. भेगा आदल्याच दिवशी दिसल्या होत्या. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद राहिली, शिवणकामगारांना मात्र आत जायला लावले. त्या बायांना कुणाचा सत्कार नको होता. 'आम्ही आत जाणार नाही' एवढे म्हणता यावे, हीच त्यांची प्रतिष्ठा होती. इथे 'सन्मान' हा शब्द घालून पाहा, वाक्य लगेच पोकळ होते.

क्रियापदे सांभाळा. 'प्रतिष्ठा मिळाली', 'प्रतिष्ठा पणाला लागली' असे लिहिले की अर्थ लौकिकाकडे घसरतो. 'प्रतिष्ठा जपणे', 'प्रतिष्ठेवर घाला', 'प्रतिष्ठेने जगणे' हे प्रयोग बरे. लेखात जिथे सूर बोलका असेल तिथे खुशाल 'माणूसपण' वापरा; तो शब्द मला फार जवळचा वाटतो. एकेकाळी 'माणुसकी'ही याच अर्थाने चालत असे. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाशी जोडलेले 'माणुसकीचे हक्क' हे शब्द दयेविषयी नाहीत, माणूस म्हणून असलेल्या हक्कांविषयी आहेत. आज माणुसकी म्हणजे दयाबुद्धी असाच अर्थ घेतला जातो, याचे वाईट वाटते.

जाता जाता, 'कॉन्फ्लिक्ट'ने पोळलेल्या प्रदेशांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'संघर्षग्रस्त' या शब्दाविषयी. मराठीत संघर्ष हक्कासाठीही होतो आणि तो आपण गौरवानेच सांगतो. तेव्हा लेखात लढाया आणि विस्थापन असेल तर सरळ 'युद्धग्रस्त' लिहा, आणि देशांतर्गत भांडणांचा विषय असेल तिथे 'कलहग्रस्त'.