मानलिशर-शोनाउअर ही जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन शिकारी रायफल एवढी नावाजलेली का?

ऑस्ट्रियातील श्टायर येथे तयार झालेली ही रायफल ग्रीसच्या सैन्याने १९०३ च्या प्रारूपात स्वीकारली होती. शिकाऱ्यांमध्ये मात्र तिची कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची आवृत्ती, अधिक गाजली, जिचा लाकडी दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत पोहोचतो. तिचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ओटो शोनाउअर यांचे फिरते मॅगझिन, म्हणजे काडतुसे साठवणारा भाग. त्यातील पाच काडतुसे एकावर एक न रचता, स्प्रिंगच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याभोवती बसतात, आणि बोल्टही, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता दांडाही, विलक्षण सहजतेने सरकतो. बोल्टची मूठ रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या सांगाड्याच्या) मागील भागातील फटीतून पुढे-मागे जात असल्याने दुर्बीण बसवणे मात्र त्रासाचे ठरते. ६.५ मिलिमीटरची लांब गोळी खोलवर शिरते. तिच्यावर विसंबून प्रसिद्ध शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी आफ्रिकेत हत्तीही मारले, पण ते धाडस अनुकरणीय म्हणता येणार नाही.