लेक मघावर झाली म्हणून घाबरू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की लेक मघा नक्षत्रावर झाली आणि सासूबाई म्हणतेत मघाचं लेकरू घराला जड, शांतीशिवाय बारसं नको. आधी पत्रिकेत चरण, म्हणजे नक्षत्राच्या चार भागांतला कोणता, ते बघा. आश्लेषा संपून मघा लागतं तिथंच कर्क संपून सिंह रास लागते, ह्या सांध्याला गंडांत म्हणतेत, खरी भीती त्या सांध्याची, म्हणजे मघाचा पहिला चरण. गंडमूळच्या, म्हणजे जन्माला अशुभ मानलेल्या सहा नक्षत्रांत मघा धरतेत म्हणून आमच्याकडं अख्खं नक्षत्रच बदनाम झालंय.

मघाचे देव पितर, स्वामी केतू, झाड वड, गण राक्षस. आता राक्षस ऐकलं की बाया दचकतेत, अहो तो गुण जुळवायचा गट आहे नुसता! आणि पितर म्हणजे मरण असं धरू नका, घराण्याची गादी समजा, खूणसुद्धा सिंहासन नाहीतर पालखी अशीच सांगतेत. तिकडं अरबीत मघाच्या ठळक ताऱ्याला कल्ब अल-असद म्हणतेत, सिंहाचं काळीज, आणि लॅटिनमधी रेग्युलस, छोटा राजा. सगळ्यांना राजा दिसला, आपल्यालाच तेवढं जड लेकरू दिसलं.

शेतकऱ्याला मघा म्हणजे पाऊस. ऑगस्टच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत सूर्य मघात असतो, सोयाबीन शेंगांत भरत असतं, तवा ‘न पडल्या मघा तर वरती बघा’ ही म्हण सगळ्या परभणी-लातूरला तोंडपाठ (पहिली ओळ इथं लिहित नाही, चुलीपुढची आहे, सासूबाईंना विचारा). गंमत अशी की तेव्हा वर बघूनही मघा दिसत नाही, २२-२३ ऑगस्टच्या आसपास सूर्य त्या ताऱ्याच्या अगदी जवळून जातो, तारा उजेडात बुडालेला.

दिसतो तो माघात. पौर्णिमेला चंद्र मघाजवळ म्हणून तर महिन्याचं नाव माघ. माझा आजा जवारीच्या राखणीला जायचा तवा पूर्वेला बोट करून ताऱ्यांचा विळा दाखवायचा, विळ्याच्या मुठीशी जो ठळक तारा तोच मघा. आपल्यापासून साधारण ७९ प्रकाशवर्षं लांब, आणि स्वतःभोवती इतका गरागरा फिरतो, १६ तासांत एक फेरी, की मधात फुगून चपटा झालाय.

शांती सासूबाईंच्या मनासाठी करायची तर करा, घरच्या घरी साधी, पाच-दहा हजाराचं पॅकेज कुणी सांगितलं तर उठून या. बारसं अडवू नका. मा, मी, मू, मे ही मघाची अक्षरं, मीरा, माधवी, मेघना काय पण ठेवा. आणि फेब्रुवारीत लेकीला घेऊन सासूबाईंना पण गच्चीवर न्या.