डॅशबोर्डवरचा आकडा नेमका कुणाचा?

डॅशबोर्डबद्दल, म्हणजे धंद्याचे आकडे एका पडद्यावर दाखवणाऱ्या रिपोर्टबद्दल, तेच तेच प्रश्न येतायत, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं.

पॉवर बीआय घेऊ की टॅब्लो?

दोन्ही डॅशबोर्ड बनवायचीच सॉफ्टवेअर. ऑफिसात बाकी सगळं मायक्रोसॉफ्टचं असेल तर त्यांचंच पॉवर बीआय, नाहीतर दोन्हींची ट्रायल घ्या आणि रोज वापरणाऱ्यांना विचारा.

एक्सेलवर भागणार नाही का?

भागतंय तोवर भागवा. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, पण त्याच्या कितीतरी आधी 'फायनल नवीन 3' नावाच्या फाइलींनी जीव नकोसा होतो.

सेल्सच्या डॅशबोर्डवर महिन्याची विक्री वेगळी, अकाउंट्सच्या वेगळी. सॉफ्टवेअर चुकतंय का?

नाही हो! दर दोन आठवड्यांनी हा प्रश्न येतो आणि दर वेळी बिचाऱ्या सॉफ्टवेअरवर खापर. समजा ऑर्डर आली 30 तारखेला, माल निघाला 2 ला, बिल झालं 3 ला आणि 11 ला त्यातला निम्मा माल परत आला. सेल्सवाले ऑर्डरची तारीख धरतात, त्यांच्या लेखी ती मागच्या महिन्याची विक्री, तीही पूर्ण. अकाउंट्स बिलाची तारीख धरतं, म्हणजे चालू महिना आणि तोही निम्माच, वर टॅक्स धरायचा की नाही हे कुणी ठरवलेलंच नसतं. डॅशबोर्डने दोघांनी सांगितलं तेच मुकाट्याने केलं. लोक रंग कुठला, गोल चार्ट की उभे बार यावर तीन-तीन मीटिंगा घालवतात आणि 'विक्री म्हणजे काय' हे एका ओळीत लिहून ठेवत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. कुठली तारीख, परत आलेला माल कुठल्या महिन्यातून वजा, टॅक्स आत की बाहेर, रद्द ऑर्डरींचं काय, हे कागदावर उतरवा, आणि व्याख्या बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा, कमिटी नको. भांडणं होतील, होऊ द्या. सेल्सला दोन आकडे हवेच असतील तर एकाला 'ऑर्डर बुकिंग' म्हणा, एकाला 'निव्वळ विक्री', पण दोघांना एकच नाव नको. आणि या बैठकीत तुमचा अकाउंटंट हवाच, शेवटी हिशोबाच्या वह्यांशी ताळा त्यालाच घालायचाय.

व्हेंडर म्हणतो रिअल टाइमच घ्या, म्हणजे आकडे क्षणोक्षणी ताजे होणारा डॅशबोर्ड.

म्हणणारच, त्याचंच बिल वाढतं. आकडा हलला तर पुढच्या तासाभरात तुमच्याकडे कोण काय करणार? मशीन लाइन किंवा कॉल सेंटर असेल तर ठीक, सोमवारच्या मीटिंगसाठी कशाला? पॉवर बीआयच्या प्रो लायसन्समध्ये दिवसाला 8 शेड्यूल्ड रिफ्रेश मिळतात, म्हणजे ठरल्या वेळी 8 वेळा आकडे आपोआप ताजे होतात, बहुतेकांना तेही जास्त होतात. सही करायच्या आधी त्या व्हेंडरकडून कमिशन न घेणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

सरासरी डिलिव्हरी 4 दिवस दिसते, मग तक्रारी का येतात?

10 ऑर्डर घ्या, 9 दोन दिवसांत पोचल्या आणि एक 22 दिवसांनी. सरासरी 4, पण बरोबर चौथ्या दिवशी कुणालाच मिळाली नाही. शेजारी मीडियन लावा, म्हणजे सगळे दिवस चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, आणि सगळ्यात रखडलेल्या ऑर्डरींची यादी, मग तक्रार करणारा सापडतो. रखडल्या का ते मात्र गोदामात जाऊन विचारा.

कुणीतरी सांगितलं की पॉवर बीआयमध्ये 'पब्लिश टू वेब' केलं की लायसन्स न घेता सगळ्यांना रिपोर्ट दिसतो.

सगळ्यांना म्हणजे अक्षरशः सगळ्यांना, लॉगिनच नसतं, लिंक हाती लागली की स्पर्धकालाही दिसतो. हे 'कुणीतरी' कोण असतात देव जाणे. तुम्ही केलं असेल तर आधी सेटिंगमधून एम्बेड कोड, म्हणजे ती लिंक ज्यावर चालते तो कोड, डिलीट करा, मग आयटीवाल्याला बोलवा, लिंक कुणाकुणाला गेली ते नंतर शोधत बसा.