लादी स्वतः पुसा, पंखा दुसऱ्याकडून

ताई, तुमचं म्हणणं असं, की पूर्वी रविवारी सकाळी दोन-अडीच तासांत अख्खं घर आवरून व्हायचं, आता दुपार टळली तरी अर्धं राहतं आणि वर कंबर धरते. मदतीला माणूस ठेवावं की यंत्रं घ्यावीत, असं तुम्ही विचारलंय. त्यात मिस्टर म्हणतात, कमाईची वर्षं थोडी उरली, आता हात आखडता घ्यायला हवा.

तुम्ही ५४ च्या, मी ६९ चा. निवृत्त होईपर्यंत मी घरातली इकडची काडी तिकडे केली नव्हती. बायकोचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा झाडू माझ्या हातात आला, त्याला आता दहाएक वर्षं झाली. म्हणजे हे उत्तर उशिरा शिकलेल्या माणसाचं आहे. जन्मभर घर सांभाळलेल्या बायकांना यातलं निम्मं ठाऊक असणार, त्यांनी हसून सोडून द्यावं.

आधी दमण्याबद्दल. तो तुमचा आळस नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर जरा जास्तच वेगाने. आणि अंगातली ताकद स्नायूंपेक्षाही वेगाने उतरते. बादली तीच, पाणी तेवढंच, उचलणारा हात मात्र बदललेला. त्यामुळे 'पूर्वी जमायचं' हे माप आता फेकून द्या. दोन तासांचं काम तीन दिवसांत वाटलं तर कुणी परीक्षा घ्यायला येत नाही.

माझी चूक पुढची. पेन्शन सुरू होती, हाताशी चार पैसे होते, म्हणून मी रोजची सगळी कामं एकदम दुसऱ्यांवर सोपवली. केर, लादी, कपडे, सगळं. आणि स्वतःकडे काय ठेवलं? पंखे पुसणं, दिवे बदलणं, माळ्यावरच्या ट्रंका काढणं. ही कामं वर्षातून दोन-चारदा निघतात, त्यासाठी कोण माणूस बोलावणार, असा हिशेब. शिवाय पुरुषी ऐट होतीच, ती कशाला लपवू.

सहा-सात महिन्यांनी एक दिवस कपाटाखाली गेलेलं पेन काढायला जमिनीवर बसलो आणि उठता येईना. एक हात पलंगावर, दुसरा भिंतीवर, मधे थोडा वेळ विचार, असं करत उठलो. कुठे दुखत नव्हतं, सवय गेली होती एवढंच. आणि त्याच वर्षी पंखा पुसताना स्टुलावरून पडलो. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली मी वर्तमानपत्राची घडी सरकवली होती. पंख्याचं तिसरं पातं पुसायला जरा बाजूला झुकलो आणि ती घडी निसटली. पडताना हात टेकला, मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. शर्टाची बटणं डाव्या हाताने लावणं हा काय प्रकार असतो ते त्यानंतर कळलं. ज्याला बोलावलं नाही त्या माणसाची मजुरी वाचली, ती एक्स-रेलासुद्धा पुरली नाही.

आपण बहुतेक जण वाटणी उलटी करतो, असं माझं मत तेव्हापासून झालंय. रोजची, जमिनीवरची, सावकाश करायची कामं सोडतो. क्वचित निघणारी, चढायची, वजन उचलायची कामं स्वतःकडे ठेवतो. खरं तर पहिली अंगाला हवी असतात आणि दुसरी अंगावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली व्यायामाबद्दल जे सांगितलं, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम आहेत आणि त्यात घरकामही धरलंय. दोन दिवस ताकदीचे व्यायाम वेगळे आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचे. जोर लावून लादी पुसताना श्वास थोडा वाढतो, बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेच मध्यम श्रम.

तेव्हा मदतीला माणूस जरूर ठेवा, पण रोजच्या केरासाठी नको. पंखे, जळमटं, खिडक्यांच्या काचा, गादी उलटणं, जड फर्निचर सरकवणं, यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी एक दिवस बोलवा आणि पैशांवरून घासाघीस करू नका. लादी मी परत स्वतःकडे घेतली. रोज एकच खोली. खाली बसून पुसल्यावर एकदम ताडकन उठत नाही. आधी एका गुडघ्यावर, मग जरा थांबून उभा. वयानुसार उभं राहताना रक्तदाब पटकन खाली येऊ शकतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. तुमची कंबर महिनाभर सतत धरत असेल तर तेही दाखवून घ्या, माझ्या अनुभवावर विसंबू नका.

यंत्रांचं म्हणाल तर कपडे धुण्याचं यंत्र हवंच, त्यावर वाद नाही. आपोआप फिरणारं झाडूयंत्र मुलाने आणून दिलंय. चांगलं आहे, पण ते सोडण्याआधी वायरी, चपला, पायपुसणी, सगळं खालून उचलावं लागतं. म्हणजे वाकणं आलंच. बायको म्हणते, त्याच्यासाठी घर आवरण्यापेक्षा मी घर झाडते.

आता खर्च. मिस्टरांची काळजी खोटी नाही. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत खर्च दुप्पट होतो ते साधारण कळतं. दर ६ टक्के धरला तर १२ वर्षं. म्हणजे आज जे घर जेवढ्यात चालतं, ते तुमच्या ६६ व्या वर्षी दुपटीत आणि ७८ व्या वर्षी चौपटीत. हे त्यांनी कागदावर मांडलं असेल तर शाबास. फक्त हात कुठे आखडायचा हे ठरवायला हवं. माझ्या पाहण्यातली म्हातारी माणसं मदतीच्या माणसावर आणि चांगल्या दिव्यांवर काटकसर करतात आणि सेलमधून घाऊक सामान आणतात. मीही आणायचो. धुण्याच्या द्रवाचा पाच लिटरचा कॅन लिटरमागे स्वस्त पडतो, बरोबर. पण पाच किलोंचा तो कॅन मोडून जुळलेल्या मनगटाने तिरका धरून छोट्या झाकणात ओतायचा म्हणजे अर्धा जमिनीवर. मग ती निसरडी जमीन पुसा. आता एक लिटरचाच आणतो. तसंच रोज अंगाला लागणाऱ्या वस्तूंचं. गादी, चपला, चष्मा, झाडूचा लांब दांडा यावर हात सैल सोडावा. पाहुण्यांसाठी राखलेले चादरींचे जोड कमी करावेत. आमच्याकडे सात जोड होते. पाहुणे मागच्या वर्षी दोन आले, तेही रात्री परत गेले.

दिव्यांचं जरा सविस्तर सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोहोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होत जातं. मला बरीच वर्षं वाटायचं की आपला हात आता बसला, घर किती लख्ख राहतं. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढून घरी आलो तर बेसिनच्या कडेला तपकिरी रेघ, स्विचच्या पाट्यांवर बोटांचे काळे ठसे, आणि आरशात सुरकुत्या, ज्या बायकोने कधी बोलून दाखवल्या नव्हत्या! तेव्हा ऑपरेशनची वाट न बघता आधी दिवे बदला, आणि ते बदलायलाही माणूसच बोलवा. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब जेवढा उजेड द्यायचा तेवढा ९ वॅटचा एलईडी देतो, त्यामुळे उजेड दुप्पट केला तरी वीज कमीच जळते. बाथरूम आणि रात्री उठून जायची वाट, एवढं आधी करा.

एक सूचना राहिली. वयाबरोबर नाकही मंदावतं. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र कधीही टाकू नका, क्लोरीन वायू निघतो. आज हे, उद्या ते, असंही एकाच भांड्यात नको, मधे भरपूर पाणी ओता.

शेवटी तुम्ही विचारलंय की पलंगाखालचं आम्ही काय करतो. वर्षातून दोनदा मुलगा येतो, तेव्हा तो पलंग सरकवतो आणि मी झाडतो. त्याचं येणं लांबलं तर केरही तिथेच थांबतो.