स्पिरुलिनाच्या टाकीत फेस आणि कुबट वास: जीवामृत नको, आधी गाळ काढा

प्रश्न: आमची स्पिरुलिनाची (खाण्यासाठी पाण्यात वाढवतात त्या सूक्ष्म, धाग्यासारख्या जीवाची) टाकी 10 × 2 मीटरची आहे, पाणी 20 सेंमी. पंधरवड्यापासून चिवट फेस येतो, सकाळी कुबट वास येतो आणि उत्पादन निम्म्यावर आले आहे. जिवाणू झाले असतील तर कोणते औषध टाकावे? की जीवामृत किंवा ॲझोस्पिरिलम (नत्र स्थिर करणारे जिवाणू खत) टाकून वाढ सुधारेल?

उत्तर: दोन्ही टाकू नका.

उघड्या टाकीत जिवाणू पहिल्या दिवसापासून असतात आणि ते सगळेच वैरी नसतात. स्पिरुलिनाचे मेलेले धागे कुजवून ते नत्र-स्फुरद पाण्यात परत सोडतात. दुपारच्या उन्हात साचलेला जादा प्राणवायू स्पिरुलिनाला बाधतो. तोही ते वापरतात आणि कर्बवायू देतात. बिघाड होतो तो त्यांना खाद्य जास्त झाले की, आणि ते खाद्य म्हणजे तुटलेली, मेलेली स्पिरुलिनाच.

आधी खात्री करा. टाकीतले पाणी काचेच्या ग्लासात भरून तासभर सावलीत, न हलवता ठेवा. निरोगी स्पिरुलिना वर तरंगते आणि खालचे पाणी स्वच्छ, फार तर फिकट पिवळसर दिसते. ते दुधाळ दिसले तर जिवाणू माजले आहेत. निळसर दिसले तर धागे फुटून आतला निळा रंग बाहेर आला आहे, म्हणजे दुधाळपणा दोन-चार दिवसांवर आला असे समजा.

धागे तुटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ढवळण्यासाठी लावलेला सेंट्रिफ्युगल पंप. त्याचा पंखा धागे चिरतो. पॅडल व्हील लावा, नाहीतर दिवसातून पाच-सहा वेळा मऊ झाडूने हलवा. काढणी लांबवली, तळाचा गाळ तसाच राहिला किंवा पाणी 38 अंशांवर गेले तरी तेच होते.

युरियाचा हिशेब जरूर तपासा. 1 किलो सुक्या स्पिरुलिनात सुमारे 100 ग्रॅम नत्र असते, युरियात 46 टक्के. म्हणजे किलोमागे सुमारे 220 ग्रॅम, नासधूस धरून 300 ग्रॅम युरिया पुरे. तुमच्या 20 चौरस मीटरमधून रोज 120 ग्रॅम सुका माल निघत असेल तर रोज 35 ग्रॅम युरिया झाला. आठवड्याचा एकदम ओतला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. सामू (pH) 10 असताना त्यातला बहुतांश अमोनिया विषारी, मोकळ्या रूपात राहतो.

आता उपाय. युरिया चार दिवस बंद ठेवा. फेस कापडाने उचला. पहाटे ढवळण्याआधी नळीने तळाचा गाळ ओढून काढा. मग 40–50 मायक्रॉनच्या नायलॉन कापडातून 1,000 लिटर, म्हणजे टाकीचा चौथा हिस्सा, गाळा. कापडावरची स्पिरुलिना टाकीत परत सोडा, गाळलेले पाणी फेकून द्या. बदली पाण्यात लिटरला 8 ग्रॅम खाण्याचा सोडा, 5 ग्रॅम मीठ आणि युरिया सोडून बाकीची खते नेहमीच्या प्रमाणात घाला. ताज्या सोड्याच्या पाण्याचा सामू 8.3 च्या आसपास असतो, म्हणून सगळे पाणी एकदम बदलू नका. चार-पाच दिवसांनी ग्लासची चाचणी करा, गरज वाटल्यास आणखी चौथा हिस्सा बदला. सामू 10 ते 10.5 राहिला तर बाहेरचे बरेच जिवाणू टिकत नाहीत. माल साध्या पाण्याने धुऊन टाकीत परत सोडू नका, पेशी फुटतात.

अँटिबायोटिक तर मुळीच नको. स्पिरुलिना स्वतःच नील-हरित जिवाणू आहे, औषध तिलाही मारते आणि अंश खाणाऱ्याच्या पोटात जातो. जीवामृतात शेण आणि गूळ असतो. गूळ म्हणजे जिवाणूंना आयते जेवण, आणि शेणातले जंतू खाद्यपदार्थात येणे धोक्याचे. ॲझोस्पिरिलमने क्लोरेला या हिरव्या शेवाळाची वाढ सुधारल्याचे प्रयोग आहेत, पण ते दोघांना अल्जिनेटच्या (जेलीसारख्या पदार्थाच्या) मण्यांत एकत्र बांधून केलेले. 10 सामूच्या सोड्याच्या पाण्यात भाताचे जिवाणू खत ओतून तो परिणाम मिळणार नाही.

वास येत असतानाचा माल खाण्यासाठी विकू नका. फेकायचे पाणी शेतात किंवा विहिरीजवळ सोडू नका; त्यातल्या सोडियममुळे जमीन चोपण होते.