फंक्शन काढण्याआधी सूचना कशी द्यावी

महापे येथील तुमच्या टीमकडे आता लायब्ररीची, म्हणजे इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या संचाची, जबाबदारी आली आहे आणि ऐरोली व वागळे इस्टेटमधील सहकारी ती रोज वापरतात, म्हणून त्यातील एखादे फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा भाग) नकोसे झाले तरी ते थेट काढून टाकू नका. आधी ते कालबाह्य ठरल्याची सूचना कोडमधूनच द्या, कारण केवळ दस्तऐवजातील नोंद फार थोडे लोक वाचतात, असा माझा अनुभव आहे. सूचनेत पर्यायी फंक्शनचे नाव आणि जुने कोणत्या आवृत्तीत काढले जाईल हे स्पष्ट लिहा. पर्यायाविना दिलेली सूचना म्हणजे वळणमार्ग न दाखवता लावलेली ‘रस्ता बंद’ची पाटी होय.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक बाब विशेष जपा. तेथील डेप्रिकेशनवॉर्निंग, म्हणजे कालबाह्यतेची सूचना, एरवी दडलेली असते आणि ३.७ आवृत्तीपासून ती थेट चालवलेल्या मुख्य फाइलमधील ओळीशी जोडलेली असेल, तरच आपोआप दिसते. म्हणून सूचना कोणत्या ओळीशी जोडायची हे ठरवणाऱ्या ‘स्टॅकलेव्हल’ला २ हे मूल्य द्या, म्हणजे सूचना तुमच्या लायब्ररीतील ओळ न दाखवता, जुने फंक्शन जिथून वापरले गेले ती ओळ दाखवील. हे एवढेसे काम अनेक जण विसरतात, याचे मला खरोखर वाईट वाटते.

मुदत उदार ठेवा. पायथनने पॅकेजे तयार व इन्स्टॉल करण्याचे ‘डिस्टयुटिल्स’ हे साधन २०२१ मध्ये ३.१० आवृत्तीत कालबाह्य ठरवले आणि २०२३ मध्ये ३.१२ मधून काढले, तरीही अनेक जुन्या पॅकेजांचे इन्स्टॉलेशन अडले. तुमच्या सहकाऱ्यांना टेस्ट चालवताना या सूचना त्रुटी म्हणून धरायला सांगा आणि सर्व वापर थांबल्याची खात्री झाल्यावरच पुढील प्रमुख आवृत्तीत ते फंक्शन काढा.